साठच्या वर जायचं नाही

जपूनरावांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं आणि बहुधा फक्त तिथेच होतं. बाकी सगळीकडे ते जपूनराव, कारण दर दोन वाक्यांमागे त्यांच्या तोंडून 'जपून' निघायचंच. कोणी जिना चढत असेल तर जपून, उतरत असेल तर जास्तच जपून, आणि कोणी नुसतं खुर्चीवर बसलं असेल तर खुर्चीच्या मागच्या पायांकडे एक नजर टाकून, "रेलू नका हं, जपून." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. जपूनरावांचं तोंड दुधाने कधी पोळलंच नव्हतं, कारण दूध गार होऊन त्यावर साय धरल्याशिवाय ते पेल्याला हात लावायचे नाहीत. ताक मात्र तरीही फुंकायचे.

असा माणूस लिफ्टचा इन्स्पेक्टर झाला हा नशिबाचा चांगुलपणाच म्हणायचा. हा स्वभाव घेऊन ते सर्कशीत गेले असते तर उपाशी मेले असते. इथे त्याच स्वभावाचा पगार मिळत होता. इमारतीच्या माथ्यावरच्या खोलीत शिरायचं, दोर चाचपायचे, ब्रेक लावून बघायचा, तळाच्या खड्ड्यात उतरून टॉर्च मारायचा आणि शेवटी लिफ्टमध्ये किती माणसं घ्यायची ते लिहून द्यायचं. कंपनीने दहा सांगितली असतील तर जपूनराव सात लिहायचे. लिफ्ट थोडी जुनी असेल तर पाच. "कंपनीला माल विकायचाय, आपल्याला शांत झोपायचंय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांच्या ताब्यातल्या भागात एकाही लिफ्टला कधी अपघात झाला नाही, ही गोष्ट खरी. त्या भागात साहेबलोकांपासून शिपायापर्यंत सगळे खाली रांगेत ताटकळत उभे असायचे, हीही तितकीच खरी. पण न झालेल्या अपघाताची शाबासकी मिळते आणि वाया गेलेल्या सकाळी कोणी मोजत नाही, त्यामुळे जपूनरावांचं नाव चांगलं होतं.

त्यांची बायको टेलिफोनच्या कचेरीत तक्रारी ऐकायची. म्हणजे लोक तारस्वरात शिव्या द्यायचे आणि ही खालच्या पट्टीत, "हो, समजलं. तुमचा फोन कधीपासून बंद आहे?" असं विचारायची. वर्षानुवर्षं हे केल्यावर तिने लवकर निवृत्ती घेतली आणि घरी आली. लेक दूरच्या नोकरीवर निघून गेला होता. जाताना त्याने स्वतः जुळवलेला स्वस्तातला कॉम्प्युटर मागे ठेवला होता. बाईंनी तो आधी फोटो बघायला उघडला, मग पत्ते खेळायला, आणि मग कधीतरी एका लढाईच्या खेळात त्या शिरल्या त्या शिरल्याच.

खेळ असा, की पाचजण इकडे, पाचजण तिकडे, आणि दोन किल्ले. आपला राखायचा, समोरच्यांचा पाडायचा. सगळे आपापल्या घरी बसून खेळतात, कानाला हेडफोन आणि तोंडापुढे माइक. बाईंचं काम मागे राहून नकाशावर नजर ठेवायचं, जखमी झालेल्याला औषध पोचवायचं आणि कोणी कुठे जायचं ते सांगायचं. सुरुवातीला संघातल्या मुलांना वाटलं होतं, ही बाई काय खेळणार. पण चहूकडून मार बसत असताना, "डावीकडचा, तू मागे ये. घाई नाही. आलास? आता औषध घे," हा आवाज कानात आला की माणूस निम्मा बरा व्हायचा. त्यांना सगळे काकू म्हणायला लागले. संघाचा म्होरक्या होता एक दातांचा डॉक्टर. दवाखाना बंद करून तो खेळायला बसायचा आणि दिवसभर लोकांना 'आ करा' सांगून झाल्यावर स्वतः तोंड उघडायचा.

काकूंचा संघ एका स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोचला. तिथे डॉक्टरांनी एक दिवस अगदी हळू, दात उपटण्याआधी बोलतात त्या सुरात सांगितलं, "काकू, राग मानू नका. पण सगळे एकत्र भिडले की तुमचं मशीन अडखळतं. तुमचं औषध पोचेपर्यंत आमचा माणूस मेलेला असतो. पुढच्या रविवारपर्यंत काही झालं तर बघा. नाहीतर आपला राखीव खेळाडू आहे, त्याला घ्यावं लागेल."

काकूंनी "समजलं" म्हटलं, जसं त्या सगळ्यांना म्हणत आल्या होत्या. पण त्या दिवशी त्यांनी भाजीत मीठ दोनदा घातलं. घरात लेक नाही, कचेरी नाही, दिवसभर कोणी हाक मारत नाही. चार माणसं हाक मारतात ती या डब्यातून. ती जागा गेली तर काय उरतं, हे त्यांना कळत होतं.

जपूनराव त्यांच्याबरोबर कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदाराने खोका उघडून बघितला आणि म्हणाला, "नवीन कशाला घेता? हा प्रोसेसर स्वस्तातला आहे, पण याला कंपनीने कुलूप घातलेलं नाही. दिलेल्या वेगाच्या वर तुम्ही स्वतः नेऊ शकता. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. पंखा मोठा बसवा, एकेक पायरी वर चढा, दर पायरीला तापमान बघा. जपून केलं तर काही होत नाही."

ठरवून दिलेल्या क्षमतेच्या वर! दहाच्या लिफ्टमध्ये तेरा माणसं कोंबून वर बटण दाबा, असं कोणी जपूनरावांना सांगावं तसंच हे होतं. या असल्या सल्ल्याबद्दल त्यांनी कित्येक इमारतवाल्यांना दंड ठोकला होता. पण शेवटच्या वाक्यात 'जपून' होतं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांना सवय नव्हती. ते घुटमळले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "तुमच्याच्याने नाही व्हायचं ते."

रागाने नाही म्हणाल्या. टोमणाही नव्हता. बाहेर ऊन आहे, छत्री घ्या, अशा सुरात म्हणाल्या. जपूनरावांना लागलं ते त्यामुळेच. त्यांनी मोठा पंखा घेतला, प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे पोचवणाऱ्या पेस्टची नळी घेतली आणि घरी आले.

शनिवारी रजा टाकून त्यांनी कामाला हात घातला. टेबलावर जुनी चादर पसरली, तिच्यावर स्क्रू काढले त्याच क्रमाने मांडले. खोक्यातली धूळ ब्रशने झाडली, जुनी वाळलेली पेस्ट पुसली, नवीन वाटाण्याएवढी लावली, मग वाटाणा मोठा वाटला म्हणून पुसून पुन्हा लावली. नवा पंखा बसवला. आदल्या दिवशी काय काय वाचलं होतं ते सगळं त्यांनी मनात घोकलं होतं. आधी काही न बदलता मशीनला जड काम देऊन किती तापतं ते बघायचं. मग मशीन चालू होतानाच उघडणाऱ्या, आतले आकडे बदलायच्या निळ्या पडद्यावर जाऊन वेग एक पायरी वाढवायचा. पुन्हा जड काम द्यायचं. तगलं तर पुढची पायरी. डगमगलं तर विजेचा दाब अगदी कणभर वाढवायचा, आणि तो फार वाढवायचा नाही, कारण प्रोसेसर मरतो तो वेगाने नाही, दाबाने आणि उष्णतेने.

एक पायरी झाली. दोन झाल्या. जपूनरावांनी चहा घेतला. तिसरीही झाली. काकू दाराशी येऊन बघून गेल्या. चौथ्या पायरीला मशीन चालू झालं, पंखा फिरला आणि पडदा काळा तो काळाच.

जपूनराव स्टुलावर बसले. लेकाने हौसेने जुळवलेली वस्तू, बायकोचा जीव जिच्यात अडकलेला, ती आपण हाताने मारली, असं त्यांना वाटलं. मग आठवलं, की बोर्डावरचा बटणाएवढा सेल काढून थोडा वेळ थांबायचं, म्हणजे मशीन आपण केलेलं सगळं विसरतं. त्यांनी वीज बंद केली, सेल काढला, थांबले, परत बसवला, बटण दाबलं. पडदा उजळला. जपूनरावांचा जीव भांड्यात पडला.

दुसरा कोणी असता तर त्याने 'त्यात काय विशेष?' म्हटलं असतं. पण ज्याने जन्मात पुढचं पाऊल मागच्या पावलाला विचारल्याशिवाय टाकलं नाही, त्या माणसाने इथे सगळं होतं तसं ठेवून खोका बंद केला नाही. तो परत त्या निळ्या पडद्यावर गेला आणि तीन पायऱ्या पुन्हा चढला. चौथी सोडून दिली. तीनवर मशीन ठणठणीत चाललं. जपूनरावांना इतका आनंद झाला, की त्यांनी खुर्चीवर उभं राहून वरच्या फळीवरचा लाडूचा डबा काढला, आणि खुर्चीचे मागचे पाय बघितले नाहीत.

इथे थांबले असते तर घोडं गंगेत न्हालं असतं. पण हाडाचा इन्स्पेक्टर शेवटचा शेरा मारल्याशिवाय उठत नाही. त्याच निळ्या पडद्यावर त्यांना एक ओळ दिसली. तापमानाची हद्द. त्याच्या वर गेलं की प्रोसेसरने स्वतःच हळू व्हायचं. कंपनीने तिथे पंचाण्णव अंश लिहिलं होतं. जपूनरावांनी आजवर कुठल्याच कंपनीचा आकडा आहे तसा मान्य केला नव्हता, तो आत्ता कसा करणार? त्यांनी पंचाण्णव खोडून साठ घातलं. मग त्यांना वाटलं, पंखाही बिचारा नवा आहे, पूर्ण वेगाने फिरून झिजेल, म्हणून त्यालाही अर्ध्यावर बांधला. मग मशीनला जड काम लावून समोर बसले. तापमान चढत चढत साठला आलं आणि तिथेच थांबलं. तासभर हललं नाही. त्याच्याच शेजारी वेगाचा आकडा होता, पण लिफ्ट तपासणाऱ्याला लिफ्ट हळू चालली याची कधी काळजी वाटत नाही. तिकडे त्यांनी बघितलंच नाही.

पुढचा आठवडा जपूनराव जमिनीवरून चालत नव्हते. "आमच्याकडे प्रोसेसर कंपनीच्या वेगाच्या वर चालतो," असं ते सांगायचे, आणि ऐकणाऱ्याने भुवया उंचावल्या की आवाज खाली आणून, "पण साठच्या वर नाही." हे त्यांनी कचेरीत सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, एका इमारतीच्या वॉचमनला लिफ्टच्या खड्ड्यातून वर बघत सांगितलं. संध्याकाळी काकू सरावाला बसल्या की हे पाठीमागे उभे. खेळात काय चाललंय ते त्यांना कळायचं नाही. त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या तापमानावर.

"बघ, साठ!"

"हो."

"इतकी हाणामारी चाललीय, पण साठ!"

"छान केलंत हो," काकू म्हणायच्या.

आणि खेळ आधीपेक्षाही वाईट अडखळायचा. सुरुवातीला घोड्यासारखा पळायचा, पण दहाही माणसं एका ठिकाणी भिडली, आगी लागल्या, बुरूज ढासळायला लागले, की पडदा थिजायचा, मग एकदम चार पावलं पुढे उडी मारायचा. काकूंनी औषध फेकलेलं असायचं तिथे आता माणूसच नसायचा.

शुक्रवारी जपूनराव स्वयंपाकघरात चहा गाळत होते. काकूंचा माइकवर बोलण्याचा आवाज आला. "नाही डॉक्टर, मशीन उत्तम आहे. आमच्या ह्यांनी स्वतः सगळं केलंय, फार मेहनतीने. माझेच हात आता मंद झालेत. वय झालं. रविवारी तुम्ही त्या दुसऱ्याला घ्या. नाही, नाही, मला वाईट नाही वाटणार."

जपूनरावांनी त्यातलं पहिलं ऐकलं ते 'मशीन उत्तम आहे'. छाती दोन बोटं फुगली. मग 'हात मंद झालेत' ऐकू आलं आणि काळजी वाटली. लगेच चपला घालून ते खाली गेले आणि मुठीत दाबायचा रबरी चेंडू घेऊन आले. "रोज सकाळी शंभरदा दाबायचा. बोटं मोकळी होतात. पण एकदम जोर नको, जपून." रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते हे. काकूंनी चेंडू घेतला, एकदा दाबला आणि खिडकीत ठेवून दिला.

शनिवारी सकाळी काकू भाजीला गेल्या आणि फोन घरीच विसरल्या. तो वाजला. जपूनरावांनी उचलला. डॉक्टर होते.

"काका, काकूंचे हात मंद झालेत हे काही मला पटत नाही," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे दात दुखतो म्हणून माणूस आला की मी आधी विचारतो, नेहमी दुखतो का थंड लागल्यावर? हात मंद असते तर काकू नेहमी उशीर करत्या. त्या फक्त मोठ्या हाणामारीतच उशीर करतात. मशीन चालू आहे का? जरा बसता?"

जपूनराव बसले. डॉक्टरांनी सांगितलं तसं त्यांनी एक जुना सामना चालू केला.

"तापमान किती?"

"साठ!" जपूनराव उत्साहाने म्हणाले. "हलत नाही."

"आणि शेजारी वेग?"

जपूनरावांनी पहिल्यांदा त्या आकड्याकडे बघितलं. सुरुवातीला तो चार गिगाहर्ट्झच्या वर होता. पडद्यावर गर्दी व्हायला लागली तसा तीन झाला. आगी लागल्या तसा दोनच्याही खाली आला. कंपनीने दुकानात विकताना दिलेल्या वेगाच्या निम्म्यावर.

"काका, हद्द किती लावलीय?"

"साठ."

'साठ' असं डॉक्टरांनी फोनवर स्वतःशीच एकदा म्हणून बघितलं.

"कंपनीची पंचाण्णव असते."

"असते. पण कंपनीला काय, माल विकायचाय."

"काका, तुम्ही काय काम करता हो?"

"लिफ्ट तपासतो."

"हां," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. वेग वाढवलाय तो अगदी बरोबर, पायऱ्याही योग्य, दाबही ठीक. पण दाराला कडी घालून माणसाला पळ म्हटल्यासारखं झालंय. पंखा मोकळा सोडा, तो फिरण्यासाठीच असतो. हद्द पंच्याऐंशी ठेवा. तेवढी खुशाल सुरक्षित आहे. "आणि काका, त्या राखीव पोराला मी अजून कळवलेलं नाही. दुपारपर्यंत सांगा."

फोन ठेवल्यावर जपूनराव तसेच बसून राहिले. वेग वाढवायला गेलेल्या माणसाने वेग निम्मा केला आणि गावभर पेढे वाटले, ही फजिती तर होतीच. पण त्यांना दुसरंच काही खुपत होतं. तक्रारी ऐकण्यात जन्म घालवलेली बाई. कोणाचा फोन का बिघडलाय हे चार प्रश्नांत ओळखणारी. तिला हे कळलं नसेल?

काकू आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली.

"तुला माहीत होतं?" जपूनरावांनी विचारलं. "मशीन मंद होतंय ते?"

काकूंनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. "पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस? वर 'माझेच हात मंद झालेत' म्हणून सांगितलंस!"

"काय बोलू? तो पडदा काळा पडला ना, तेव्हा मी परत दाराशी आले होते. म्हटलं, आता हा माणूस सगळं आवरून खोका बंद करणार. पण तुम्ही परत बसलात. माझ्यासाठी इतकं घाबरत घाबरत तुम्ही काही केलेलं मला तरी आठवत नाही. मग आठवडाभर जगाला सांगत फिरत होतात. त्या तोंडावर काय सांगू, की चुकलंय म्हणून?" त्यांनी पिशवीतल्या भेंड्या ताटात ओतल्या. "आणि साठ दिसल्यावर म्हटलं, असू दे. आपल्याला कुठे नवीन आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय! मोठ्या कचेरीत मला ती वरची जागा देत होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, बघू, घाई काय आहे. तुमचं बघून होईपर्यंत तिथे दुसरी बाई बसली. गाडी शिकते म्हटलं, तुम्ही म्हणालात, एखादं रिकामं मैदान मिळू दे. अजून मिळतंय. अहो, तुम्ही मला नाही असं कधी म्हणालाच नाहीत. म्हणाला असतात तर निदान भांडले असते हो!"

आवाज चढला नव्हता. पण भेंडी पुसताना हात जरा जास्तच जोरात चालला होता. जपूनरावांना काहीतरी म्हणायचं होतं. मी तुझ्या भल्यासाठीच, असं काहीतरी. त्यांनी मनातल्या मनात ते वाक्य म्हणून बघितलं आणि त्यांना ते स्वतःलाच ऐकवेना. पायाखालची फरशी हलावी तसं त्यांना वाटलं, आणि फरशी तर अगदी पक्की होती, त्यांनी स्वतः ठोकून बसवून घेतलेली.

ते उठून कॉम्प्युटरपाशी गेले. निळा पडदा उघडला. पंखा मोकळा सोडला. मग हद्दीच्या ओळीवर येऊन थांबले.

"इकडे ये जरा," त्यांनी हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या. "किती लावू?"

"मला काय विचारता? इन्स्पेक्टर तुम्ही."

"डॉक्टर पंच्याऐंशी म्हणतात."

"मग लावा की."

जपूनरावांनी सत्तर लिहिलं. खोडलं. ऐंशी लिहिलं आणि बायकोकडे बघितलं. काकू नुसत्या उभ्या राहिल्या. तक्रार करणाऱ्याला पूर्ण बोलू द्यायचं आणि मध्ये पडायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त. जपूनरावांनी ऐंशीही खोडलं आणि पंच्याऐंशी लिहिलं. जेवायच्या आधी त्यांनी स्वतःच डॉक्टरांना फोन केला, की त्या पोराला बोलावू नका.

रविवारी दुपारी सामना. काकूंनी हेडफोन चढवला आणि पहिल्यांदा वळून सांगितलं, "तुम्ही मागे उभे राहायचं नाही."

जपूनराव स्वयंपाकघरात गेले. तिथून पडद्याचा तेवढा कोपरा दिसत होता. सत्तर. पंचाहत्तर. पंखा घोंघावायला लागला. एकोणऐंशी. जपूनरावांनी पाठ फिरवली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. ब्याऐंशी झालं असेल का, त्र्याऐंशी झालं असेल का, हे न बघता उभं राहणं त्यांना कधी जमलं नव्हतं. आज जमत होतं असं नाही, पण ते उभे होते.

आणि मग काकू ओरडल्या. "पुढे! सगळे पुढे! मी आहे मागे, मरायला घाबरू नका!"

जपूनरावांच्या हातातली चिनी मातीची वाटी निसटून फुटली. हा आवाज त्यांनी या घरात ऐकला नव्हता. त्या बोलायच्या, समजवायच्या, कधी गप्प बसायच्या. हा आवाज हुकूम सोडत होता आणि मजेत होता. वरच्या मजल्यावरची शेजारीण दार वाजवून विचारायला आली, "काही झालं का हो? काकूंचा आवाज आला."

"काही नाही," जपूनराव म्हणाले. "किल्ला पाडतायत."

पाडला. तापमान त्र्याऐंशीच्या वर गेलं नाही आणि खेळ कुठेही थिजला नाही. काकूंनी आवाज स्पीकरवर घेतला होता, बाकीचे चौघेही एकदम बोलत होते, कोणाचंच धड ऐकू येत नव्हतं. काकूंनी हेडफोन गळ्यात उतरवला. केस विस्कटलेले, चेहरा लाल. जपूनराव दारात येऊन उभे राहिले. आपल्या कामाचं काही नाव निघतंय का, याकडे त्यांचे कान होते.

डॉक्टरांचा आवाज आला. "ऐका सगळे. अंतिम सामना पुढच्या महिन्यात, पण घरून नाही. दुसऱ्या शहरात, मोठ्या सभागृहात, सगळे संघ समोरासमोर. मशीनसुद्धा त्यांचीच. तीन दिवस राहावं लागेल. काकू, तुमचं काय? जमेल?"

म्हणजे जपूनरावांच्या प्रोसेसरची तिथे गरजच नव्हती. तो, त्याचा मोकळा पंखा आणि त्याची पंच्याऐंशीची हद्द घेऊन घरी बसणार होता. जपूनरावही बसणार होते. तीन दिवस. अनोळखी शहर, रात्रीचा प्रवास, सभागृहाला आग लागली तर बाहेर पडायचे दरवाजे किती, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून एका क्षणात सरकलं. लग्न झाल्यापासून असा प्रश्न आला की बायको आधी त्यांच्याकडे वळायची, ते 'बघू' म्हणायचे, आणि मग ती समोरच्याला 'बघू' म्हणायची. त्यांनी तोंड उघडून ठेवलं.

"येते," काकू म्हणाल्या. पडद्याकडेच बघत. "माझं नाव लिहा."

वळल्याच नाहीत. मुद्दाम नाही. त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

जपूनरावांना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं, ते कशाला लपवायचं? उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं आणि आत जाऊन वाटीचे तुकडे गोळा करायला लागले. काकू मागून आल्या, त्यांच्या शेजारी खाली बसल्या आणि एक तुकडा उचलता उचलता थांबल्या.

"अहो, मी तुम्हाला विचारलंच नाही."

"नाही विचारलंस."

"राग आला?"

"आला," जपूनराव म्हणाले. त्यांनी तिच्या हातातला तुकडा काढून घेतला. "ती मोठी बॅग माळ्यावर आहे. उद्या काढतो. तिचं एक चाक अडकतंय, तेवढं बघावं लागेल."